पाहुण्यांसाठी पूल

वेलिकाच्या अंगणातून तिच्या धाकट्या बहिणीचं घर दिसायचं. स्लाव्काने दोरीवर चादरी टाकल्या की त्या कोणत्या, हेसुद्धा ओळखू यायचं. मध्ये फक्त सुवा नदी. पण नदीच्या अलीकडे बल्गेरिया आणि पलीकडे सर्बिया, त्यामुळे स्लाव्काकडे जायचं तर आधी खिंड ओलांडायची, मोठ्या रस्त्याला लागायचं, नाक्यावर मालट्रकांच्या रांगेत उभं राहायचं, आणि पलीकडून पुन्हा तेवढाच डोंगर चढून यायचं. सकाळी निघालेलं माणूस दुपार कलली की पोचायचं, तेही गाडी असेल तर. वेलिकाकडे गाडी नव्हती.

मेचकोव दोल हे मुळात एकच गाव. आजोबांच्या काळातली लढाई संपली तेव्हा कुणीतरी दूर कुठेतरी बसून नकाशावर रेघ ओढली. शाळा आणि गिरणी इकडे राहिली, चर्च आणि दफनभूमी तिकडे गेली. पुढे नदीकाठी काटेरी तार आली, पहारे आले. वर्षातून एकदा नदीकाठी जत्रेची परवानगी मिळायची; दोन्हीकडचे लोक शिपायांच्या देखत एकमेकांच्या गळ्यात पडायचे, गवतावर बसून जेवायचे आणि संध्याकाळी आपापल्या बाजूला परतायचे. अशाच एका जत्रेत स्लाव्काला पलीकडच्या सुताराचा मुलगा आवडला. कागदपत्रांत बरीच वर्षं गेली, पण पोरगी हटली नाही. शेवटी लग्न होऊन गेली, आणि आई मरेपर्यंत अंगणात उभी राहून लेकीच्या चादरी बघत राहिली.

तार निघाली तेव्हा गावाला वाटलं, आता मिटलं. पण काही वर्षांनी एक देश युरोपच्या संघात गेला, दुसरा बाहेरच राहिला. जत्रासुद्धा बंद पडली. आता तार नव्हती, पण कॅमेरे होते.

वेलिका शाळेत शिकवायची. मुलंच उरली नाहीत तेव्हा शाळा बंद झाली आणि तालुक्याच्या पालिकेने तिलाच गावची कारभारीण नेमलं, कारण दुसरं कुणी हो म्हणेना. नवरा गेलेला, मुलगा स्पेनमध्ये. गावात उरलेली सगळी म्हातारी माणसं. त्यांची पेन्शन, औषधं, बंद पडलेला नळ, हे तिचं राज्य.

सीमाभागातल्या पर्यटनासाठी निधी आलाय, हे तिने पालिकेत ऐकलं आणि तिच्या डोक्यात पूल शिरला. पालिकेने शहरातून निधीचे अर्ज लिहिणारा एक तज्ज्ञ पाठवला. कालोयान त्याचं नाव, पायात चकचकीत बूट. वेलिकाने त्याला स्वयंपाकघरात बसवलं, पुढ्यात चीजची गरम बनित्सा ठेवली आणि सगळं सांगितलं.

"मावशी, नातेवाइकांना भेटायला पूल हवा, असं लिहिता येणार नाही," तो खाता खाता म्हणाला. "त्याला पैसा नाही. पर्यटकांना फिरायला पूल हवा, त्याला आहे."

"इथं कोण मरायला येणार फिरायला?"

"ते लिहायचं काम माझं. निसर्ग आहे, इतिहास आहे, दुभंगलेलं गाव आहे. लोकांना असलं आवडतं."

"दुभंगलेलं गाव आवडतं?"

"बघायला आवडतं."

वेलिकाने त्याला आणखी एक तुकडा वाढला. "आणि येणं-जाणं? ते होईल ना?"

कालोयानने बोटं पुसली. "पूल बांधणं आपल्या हातात आहे. नाका उघडणं दोन सरकारांच्या हातात. पण पूल उभा राहिला की दबाव येतो. बहुतेक ठिकाणी असंच झालंय."

हे बोलताना तो खिडकीबाहेर बघत होता. वेलिकाच्या ते लक्षात आलं होतं. पण तिने "पूल उभा राहिला की" एवढंच मनात ठेवलं आणि "बहुतेक" सोडून दिलं.

पायवाट नदीपर्यंत न्यायची तर ती गेरगिनच्या आलुबुखाऱ्याच्या बागेतून जाणार होती. गेरगिन गावातला सगळ्यात वयस्कर आणि सगळ्यात तिखट माणूस. राकियाची दारू गाळायला त्याच्या झाडांएवढी गोड फळं पंचक्रोशीत नव्हती.

"झाडं तोडायची?" तो म्हणाला. "माझ्या बापाने लावलेली?"

"एकच ओळ, गेरगिनकाका. बाकीची राहतील."

"आणि मला काय मिळणार? गोऱ्यापान पोरी सायकलवरून जाताना बघायला मिळणार?"

"तेही मिळेल."

म्हातारा हसला. मग नदीपलीकडे बघू लागला. त्याची आई माहेरी असताना तरणीताठी गेली तेव्हा नुकतीच तार लागली होती. तिला पलीकडे तिच्या माहेरच्यांनी पुरलं होतं. "थडग्यावर मेणबत्ती लावायला जाता येईल?" त्याने विचारलं.

"येईल," वेलिका म्हणाली.

तिने "बहुतेक येईल" म्हटलं नाही. पुढे कितीतरी वेळा तिला ती दुपार आठवायची.

पूल झाला. उन्हाळाभर यंत्रं घरघरत राहिली. शाळेची डागडुजी होऊन तिथे पाहुण्यांसाठी पलंग आले, नवीकोरी पांघरुणं आली. वाटेवर अस्वलाची चित्रं असलेले फलक लागले. दोघी बहिणी रोज फोनवर बोलायच्या.

"ताई, सकाळची कॉफी तुझ्याकडे आणि दुपारची माझ्याकडे," स्लाव्का म्हणायची.

"तुझी कॉफी म्हणजे भांडी विसळलेलं पाणी. मी माझी घेऊन येईन."

"ये ना, ये. येताना कपही आण, माझे तू नावं ठेवून ठेवून फुटलेत."

उद्घाटनाला मंडप पडला, बँड आला, दोन्हीकडचे मोठे लोक आले. पुलाच्या बरोबर मध्यावर लोखंडी जाळीचं दार होतं आणि त्याला दोन कुलपं, एक या देशाचं, एक त्या देशाचं. दोघा अधिकाऱ्यांनी एकदम किल्ल्या फिरवल्या, टाळ्या पडल्या. गर्दीतून वाट काढत स्लाव्का आली ती थेट वेलिकाच्या स्वयंपाकघरात. आईच्या खुर्चीवर बसली, उठली, फडताळं उघडून पाहिली, मिठाचा डबा अजून तिथेच बघून रडली आणि मग दोघींनी मिळून जेवणाचा फडशा पाडला.

दुपार उतरली तसा कर्ण्यावरून आवाज आला. पलीकडच्या पाहुण्यांनी कृपया परतावं, दार बंद होणार आहे.

"बंद?" स्लाव्का म्हणाली. "उद्या किती वाजता उघडणार?"

वेलिका कालोयानला शोधत मंडपात गेली. तो हातात ग्लास घेऊन उभा होता. "करार अजून व्हायचाय, मावशी. आजच्यापुरती खास परवानगी होती. मी सांगितलं होतं तुम्हाला."

त्याने खरंच सांगितलं होतं. भांडायलाही जागा नव्हती.

स्लाव्का जाळीच्या पलीकडे उभी राहिली आणि हसायचा प्रयत्न करत म्हणाली, "जत्रेसारखंच झालं की गं. फक्त आता बँड आहे." मग दोन्ही कुलपं लागली.

त्यानंतर गेरगिनने वेलिकाशी बोलणं टाकलं. रस्त्यात दिसली तर टोपी काढून मोठ्याने म्हणायचा, "या, मॅडम पर्यटक! कुठं निघालात? पुलावर? अर्ध्यापर्यंत जाऊन या, हवा छान आहे!" इतरांनी तिला काही म्हटलं नाही, पण तिच्या दारात येऊन बसणं कमी झालं. ती मंत्रालयांना विनंत्या पाठवत राहिली. विषय विचाराधीन आहे, असं उत्तर यायचं, आणि हळूहळू तेही यायचं बंद झालं. अधूनमधून सायकलवाले यायचे, दारापर्यंत जायचे, जाळीपुढे उभे राहून फोटो काढायचे आणि परत फिरायचे. शाळेतल्या पलंगांवर कुणी झोपलं नाही. उन्हाने फलकांवरची अस्वलं आधी गुलाबी झाली, मग पांढरी.

वर्षातून एकदा निधीवाल्यांकडून तपासणीला रालित्सा नावाची बाई यायची. काम नीट चालू आहे, लोक वापर करतात, हे तिला फोटोनिशी दाखवावं लागायचं; ठरलेली वर्षं उलटायच्या आत पूल ओस पडला असं ठरलं, तर पालिकेला सगळा पैसा परत करावा लागणार होता, आणि मग गावच्या डॉक्टरची आठवड्याची फेरीसुद्धा बंद झाली असती. रालित्सा स्वभावाने वाईट नव्हती. दरवेळी कानकोंडं होऊन विचारायची, "वेलिकाताई, दोन-चार माणसं पुलावर उभी करता येतील का? फोटोपुरती?" आणि वेलिका शेजारणींना चांगले कोट घालायला सांगून घेऊन जायची. गेरगिन येत नसे.

असाच एक हिवाळा आला आणि फेब्रुवारीत स्लाव्का अंगणात कोसळली. भाच्याचा, नेनादचा फोन आला.

"मावशी, आईला पक्षाघाताचा झटका आलाय. डॉक्टर म्हणतात, इस्पितळात नेऊनही उपयोग नाही. ती... ती तुझं नाव घेतेय. तिच्या तोंडून दुसरं काही कळतच नाही."

खिंड बर्फाने बंद होती. आदल्या रात्रीपासून कुठलंच चाक गावात आलं नव्हतं की गेलं नव्हतं. वेलिका तशीच, घरातल्या स्वेटरवर, पुलाकडे गेली. तिथे सीमा पोलिसांच्या टपरीत रुमेन होता, तिच्याच शाळेत शिकलेला, आता केस पिकलेला.

"रुमेन, दार उघड."

त्याने ऐकून घेतलं. नजर चुकवत म्हणाला, "आपली किल्ली आहे माझ्याकडे, बाई. त्यांची नाही. त्यांची खाली जिल्ह्याला असते."

"मग फोन कर त्यांना!"

त्याने केला. आधी आपल्या वरिष्ठांना, मग तिकडच्यांना. बराच वेळ तो "हो, समजतं मला" एवढंच म्हणत राहिला. फोन ठेवल्यावर त्याने मान खाली घातली.

वेलिका बाहेर पडली आणि पुलाच्या बाजूने काठावर उतरू लागली. सुवा उन्हाळ्यात गुडघाभर असते. आता ती काळी, फुगलेली, काठाला बर्फाची कड धरून वाहत होती. पलीकडे स्लाव्काच्या घराचं दार उघडं होतं, अंगणात माणसं होती.

"बाई! बाई, थांबा!" रुमेन धावत आला. "मला हे करायला लावू नका हो."

"तू बघू नकोस. पाठ फिरव."

ती पाण्यात उतरली. मांडीपर्यंत पाणी आलं तेव्हा पायाखालचा दगड सरकला आणि ती आडवी झाली. थंडीने छातीतला श्वासच बाहेर येईना. पाण्याने तिला दोनतीन हात ओढून नेलं असेल-नसेल, तेवढ्यात रुमेनने तिला दंडाला धरलं. तो स्वतः कमरेपर्यंत भिजला होता. काठावर आणून त्याने आपला जाड कोट तिच्या अंगाभोवती गुंडाळला, आणि शाळेत पाढे चुकल्यावर रडायचा तसा रडू लागला.

"तुम्ही गेला असतात, बाई. तुम्हीसुद्धा गेला असतात."

"सोडायचं होतंस," ती दात वाजवत म्हणाली.

स्लाव्का दुसऱ्या दिवशी पहाटे गेली.

नेनादने फोनवर सांगितलं, उद्या दुपारी पुरायचं. मग म्हणाला, "मावशी, आम्ही आधी तिला पुलावर आणतो. मी तिकडच्या पोलिसांना विचारलं नाही. अडवलं तर बघू."

कुणी अडवलं नाही. पलीकडून काळ्या कपड्यांतली माणसं हळूहळू चालत आली, पुढे पाद्री, मागे चौघांच्या खांद्यावर उघडी शवपेटी. अलीकडून सगळं गाव आलं. कुणाला बोलवावं लागलं नाही. गेरगिनसुद्धा काठी टेकत आला आणि वेलिकाच्या शेजारी उभा राहिला. रुमेनने आपलं कुलूप काढून खिशात घातलं. त्याने काही होणार नव्हतं, दुसरं होतंच. पण त्याने ते काढलं.

पेटी जाळीला लावून ठेवली. स्लाव्काच्या डोक्याला निळा रुमाल होता, तोंड थोडं वाकडं झालं होतं. वेलिकाने जाळीतून हात घालायचा प्रयत्न केला. भोकं बारीक होती. बोटांची पेरं तेवढी गेली. नेनादने ते पाहिलं आणि दोघातिघांना खूण करून पेटी आणखी वर उचलली, तिरकी केली. तेव्हा कुठे वेलिकाची दोन बोटं बहिणीच्या कपाळाला टेकली.

"गार पडलीस गं," ती म्हणाली. "किती गार पडलीस."

पाद्री प्रार्थना म्हणत होता, त्याचा आवाज नदीच्या आवाजात मिसळत होता. अलीकडच्या बायका मोठ्याने रडायला लागल्या तशा पलीकडच्याही.

त्याच वेळी बर्फ काढणारं यंत्र खिंडीतून खाली आलं होतं, आणि त्याच्या मागोमाग रालित्साची गाडी. रालित्साला लांबून दिसला तो माणसांनी भरलेला पूल. एवढी माणसं, दोन्ही बाजूंची! ती गाडीतून उतरली, बर्फातून धडपडत वाटेवर आली आणि चालता चालताच तिने फोटो काढायला सुरुवात केली. पुलावर आल्यावर तिचा हात थांबला.

"अरे देवा," ती म्हणाली. "मला माहीत नव्हतं. माफ करा. मी... मी पुसून टाकते सगळे."

वेलिकाने तिच्याकडे वळून पाहिलं. डोळे कोरडे होते. "नको पुसू. आणखी काढ."

"ताई, असं कसं..."

"माणसं लागतात ना तुला फोटोत? ही बघ माणसं. दोन्हीकडची आहेत. असा फोटो तुला पुन्हा मिळायचा नाही. काढ, नाहीतर डॉक्टर बंद होईल."

रालित्साला ते करवेना. तिने कॅमेरा पिशवीत कोंबला. पलीकडची मंडळी पेटी उचलून दफनभूमीच्या चढाला लागली, आणि अलीकडची जाळीला डोकं टेकून बघत राहिली.

"रस्ता उघडलाय," रालित्सा एकदम म्हणाली. "माझी गाडी आहे. चला. पुरताना नाही पोचणार, पण पोचू."

वेलिका ओळखपत्र घ्यायला घरी गेली. ती गाडीत बसत होती तेवढ्यात गेरगिन काठी टेकत आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो तिच्याशी सरळ बोलला.

"वेलिका, कोंबड्यांचं मी बघतो." मग कोटाच्या आतल्या खिशातून त्याने एक मेणबत्ती काढली, पिवळी, जुनी, मधोमध वाकलेली. "आईचं थडगं भिंतीला लागून आहे, म्हणतात. त्सोना नाव. अक्षरं गेली असतील, पण बघ."

"तुम्ही चला ना. जागा आहे."

"मला कुठं जमतंय आता गाडीत तेवढं बसणं. जा तू."

नाक्यावर नेहमीची रांग होती. मालट्रकांचे ड्रायव्हर बर्फात उभे राहून सिगारेटी ओढत होते. खिडकीतल्या तरुण अधिकाऱ्याने ओळखपत्र उलटसुलट करून विचारलं, "प्रवासाचं कारण?"

"पर्यटन," वेलिका म्हणाली.

त्याने ओळखपत्र परत दिलं. रालित्सा पुढे बघत गाडी चालवत राहिली, पण थोड्या वेळाने तिला गाडी कडेला घ्यावी लागली, कारण तिला रस्ता दिसेना.

पोचल्या तेव्हा उजेड जात आला होता. ताज्या मातीवर बर्फ भुरभुरत होता. वेलिका बराच वेळ तिथे उभी राहिली. नंतर भिंतीकडेने शोधत गेली. अक्षरं खरंच गेली होती. "त्सो" एवढं कसंबसं लागलं. हातांचा आडोसा करून तिने मेणबत्ती पेटवली. वाऱ्याने ती दोनदा विझली, तिसऱ्यांदा राहिली.

घरी नेनादने मयताच्या दिवशी खातात तो उकडलेला गहू पुढे ठेवला, राकिया ओतली. वेलिकाने ग्लास उचलून, गेलेलीच्या नावाने थोडी जमिनीवर सांडून, उरलेली घेतली. स्लाव्काची सून भांडी घासत होती. रालित्सा कोपऱ्यात बसल्या बसल्या पेंगत होती.

"शेवटची दोन वर्षं तिला फारसं चालवत नव्हतं," नेनाद म्हणाला. "तुला सांगू नको म्हणायची. पलंग खिडकीशी ओढून घेतला होता. सकाळी उठली की आधी बघायची तुझ्या धुराड्याकडे. धूर आला की म्हणायची, उठली बाईसाहेब. मगच कॉफी घ्यायची."

"मला म्हणायची, बाजारात जाऊन आले."

"कुठला बाजार, मावशी."

त्या रात्री वेलिका त्याच पलंगावर झोपली. उशीला स्लाव्काच्या साबणाचा वास होता. झोप आली नाही, आणि रडूही आलं नाही.

सकाळी उजाडलं तसं तिने काचेवरची वाफ पुसली. नदीपलीकडे तिचं स्वतःचं गाव होतं, इतकं लहान की तिला ओळखू यायला वेळ लागला. शाळेचं नवं लाल छप्पर, बिनधुराची घरं, आणि त्यांत एक तिचं. अंगणात कुणीतरी वाकून काहीतरी टाकत होतं आणि कोंबड्या त्याच्या पायाशी जमल्या होत्या. गेरगिनच. टोपलं रिकामं झाल्यावर तो सरळ झाला, कपाळावर हात धरून नदीच्या या बाजूला बघू लागला. त्याची मान चर्चकडे वळली, घरांकडे वळली, कुठेच थांबेना.

वेलिकाने खिडकीत हात वर केला. त्याला दिसला नसावा. तो थोडा वेळ तसाच उभा राहिला आणि मग काठी टेकत आपल्या वाटेला लागला.